गाडीतलं सिम

परवा मुलाचा बंगळूरहून फोन आला. "बाबा, गाडी दर गुरुवारी आळंदीला दोन-दोन तास उभी असते. सगळं ठीक आहे ना?"

मला काही सुचेचना. हिला जाऊन चार वर्षं झाली. दर गुरुवारी ड्रायव्हरला घेऊन भोसरीहून आळंदीला जातो, इंद्रायणीच्या घाटावर बसतो, हिच्याशी मनातल्या मनात बोलून परत येतो. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडीने सांगितलं!

नातवाने मग समजावलं. "आजोबा, मोबाइलसारखं गाडीतही सिम असतं. गाडी कुठे आहे ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथून बाबांच्या फोनवर."

म्हणजे मुलाच्या आधी आणखी कुणाला तरी माझे गुरुवार ठाऊक होते.

सोय खोटी नाही. गाडी चोरीला गेली तर सापडते, अपघात झाला तर मदत मागता येते. पण ज्या वाटेने बातमी बाहेर जाते, त्याच वाटेने परका आत येऊ शकतो. २०१५ च्या जुलैत अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून, मोबाइलच्या जाळ्यातून, हायवेवरच्या एका जीपचा अ‍ॅक्सिलरेटर निकामी करून दाखवला. आत बसलेल्या पत्रकाराची त्याला संमती होती म्हणून बरं. पुढे कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०२४ च्या डिसेंबरात जर्मनीत उघड झालं की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती नीट कुलूप न लावता इंटरनेटवर पडून होती. कितीतरी गाड्या कुठे उभ्या होत्या, तेसुद्धा! त्या गाड्या तिकडच्या, पण याच समूहाचा कारखाना आमच्या शेजारी चाकणला आहे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हा मला ती मोठ्या लोकांची गोष्ट वाटली होती. आता कळलं, घाटावर एकटं बसणाऱ्या म्हाताऱ्याचीही आहे.

मुलावर राग नाही. काळजीपोटीच विचारलं त्याने. आमचं ठरलंय, मी फोन उचलला नाही तरच त्याने गाडी शोधायची. कंपनीशी असं काही ठरवायचं तर कुणाशी बोलू?

तुम्ही म्हणाल, मास्तर, मग इथे का लिहिलंत? अहो, हे मी माझ्या मर्जीने सांगतोय. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

असो. तुमच्या गाडीत सिम असेल, तर घरातल्या पोराला सोबत घेऊन सेटिंग एकदा बघाच.