वाहाकाचा डोंगर आणि दोन सोमवार

मेक्सिको म्हटले की सिनेमातली मोठी टोपी, घोडा आणि निवडुंग एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्या देशाच्या दक्षिणेला वाहाका नावाचे राज्य आहे आणि त्याच नावाचे राजधानीचे शहर आहे. मेक्सिको सिटीहून बसने सहा-सात तासांची वाट. वाचकांपैकी फार थोड्यांना तिथवर जाता येईल हे आम्ही जाणतो. विमानाच्या तिकिटाचा आकडा ऐकूनच माणूस घरी बसतो. पण हा मुलूख झापोतेक, मिश्तेक अशा पंधराहून अधिक मूळ समाजांचा आहे. स्पॅनिश लोकांनी तीनशे वर्षे राज्य केले, भाषा लादली, धर्म लादला, तरी हे समाज आपली बोली आणि आपली रीत घेऊन उभे आहेत. म्हणून त्यांची ओळख आपल्या घरांत व्हावी असे आम्हाला वाटते.

शहराजवळच मोन्ते आल्बान आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ५०० वर्षे झापोतेकांनी डोंगराचा माथा सपाट करून तिथे नगर वसवले. खालच्या खोऱ्यापासून ते सुमारे ४०० मीटर उंचावर आहे. मोठे पटांगण, भोवती पायऱ्यांचे चौथरे, चेंडू खेळण्याचे मैदान. हजारभर वर्षे हे नगर नांदले, मग ओस पडले. १९८७ साली युनेस्कोने ते आणि जुने वाहाका शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले. इथे तीनशेहून अधिक दगडांवर उघडी माणसे कोरलेली आहेत. हातपाय वेडेवाकडे पाहून जुन्या अभ्यासकांनी त्यांना ‘नाचणारे’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. पुढच्या अभ्यासकांनी नीट पाहिले, तेव्हा मिटलेले डोळे आणि कापल्याच्या खुणा दिसल्या. ते युद्धात पकडून मारलेले कैदी असावेत असे आता बहुतेक जण मानतात. मेलेल्या माणसाला नाचणारा म्हणणे, ही चूक फक्त मेक्सिकोतच होते असे नाही.

आता उत्सवाकडे येऊ. ‘गेलागेत्सा’ हा झापोतेक शब्द. त्याचा अर्थ देवाणघेवाण, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणे. घरात लग्न निघाले किंवा कुणी वारले की शेजारी-सोयरे मका, टर्की कोंबड्या, मेस्काल नावाची दारू, कधी रोख पैसे आणून देतात. घरातली बाई ते वहीत लिहून ठेवते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढेच परत नेऊन देते. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखेच हे. फरक इतकाच की तिथे वहीतला हिशेब कोणी विसरत नाही, आई-बापांचे येणे-देणे मुलेही फेडतात. गावाच्या कामासाठी प्रत्येक घराने फुकट राबण्याची रीतही आहे. तिला ‘तेकियो’ म्हणतात. रस्ता, शाळा, पाण्याची चारी अशी कामे त्यातून उभी राहतात.

या शब्दाचे नाव घेऊन शहरात जो मोठा उत्सव होतो तो जुलैत, १६ तारखेनंतरच्या दोन सोमवारी, फोर्तिन नावाच्या टेकडीवर. पूर्वी इथे मक्याच्या देवतेचा उत्सव होत असे. पाद्र्यांनी त्यावर आपल्या माउलीचा सण बसवला. आजचे रूप मात्र १९३२ चे. वाहाकाला शहराचा दर्जा मिळून चारशे वर्षे झाली म्हणून सरकारने सोहळा केला आणि साऱ्या प्रदेशांतून गावकऱ्यांना नटवून आणले. त्या सोहळ्याचे नाव होते ‘वांशिक मानवंदना’. म्हणजे आदिवासींनी यायचे, नाचायचे, शहराला नजराणा द्यायचा आणि शहराने बसून पाहायचे.

१९७४ साली टेकडीवर उघडे नाट्यगृह बांधले. तिथे सुमारे अकरा हजार माणसे बसतात. आठ प्रदेशांची पथके येतात. इस्तमो भागातल्या बायकांचा मखमलीवर मोठमोठी फुले भरलेला पोशाख आणि चेहऱ्याभोवती पांढऱ्या झालरीचा साज पाहून कुणाचीही नजर हटत नाही. पिसांच्या भल्या मोठ्या मुकुटांचा नाच स्पॅनिश विजयाची कथा सांगतो. नाच झाला की पथक आपल्या गावचे फळ, पाव, टोपल्या प्रेक्षकांत फेकते. आणि ज्या अननस-नाचावर सर्वाधिक टाळ्या पडतात, तो १९५८ साली सरकारी सांगण्यावरून एका शिक्षिकेने बसवलेला आहे. आम्हाला त्यात वावगे वाटत नाही. सण माणसेच घडवतात. फक्त तो ‘हजारो वर्षांचा’ म्हणून विकू नये. खालच्या जागांना महाग तिकीट, वरच्या जागा फुकट. फुकटच्या जागेसाठी लोक पहाटेपासून रांग लावतात.

२००६ साली तिथल्या शिक्षकांनी संप केला. १४ जूनला पोलिसांनी चौकातले त्यांचे बिऱ्हाड उधळायचा प्रयत्न केला आणि सारे शहर पेटून उठले. त्या वर्षी सरकारी उत्सव रद्द झाला. शिक्षकांनी आणि जनतेच्या संघटनांनी आपला फुकटचा ‘लोकांचा गेलागेत्सा’ भरवला. पुढेही अनेक वर्षे तो होत राहिला. नाव आमचे, नाच आमचा, मग तिकीट कुणाचे, हा त्यांचा प्रश्न होता.

या सोमवारांना एक अपवाद आहे. पहिला सोमवार १८ जुलैला आला तर उत्सव आठवडाभर पुढे ढकलतात, कारण १८ जुलै १८७२ रोजी बेनितो हुआरेझ वारले. गेलाताओ या झापोतेक खेड्यात २१ मार्च १८०६ रोजी त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी आई-बाप गेले. बाराव्या वर्षी स्पॅनिशचा गंध नसलेला हा मेंढ्या राखणारा पोरगा डोंगर उतरून पायी वाहाकात आला. तिथे त्याची बहीण एका घरी स्वयंपाकीण होती. एका बुक-बाइंडरने त्याला आसरा दिला, शिकवले. तो वकील झाला आणि ज्या घरी बहीण चुलीपाशी राबली त्याच घरच्या मार्गारिताशी १८४३ साली त्याचे लग्न झाले. पुढे राज्यपाल, सरन्यायाधीश आणि १८५८ पासून राष्ट्राध्यक्ष. पाद्र्यांचे आणि लष्कराचे खास हक्क त्यांनी मोडले, चर्चची मालमत्ता सरकारजमा केली, जन्म-लग्न-मृत्यूची नोंद पाद्र्याकडून काढून सरकारी दप्तरात आणली. बाबासाहेबांच्या वाचकांना याचे मोल समजावून सांगायला नको. पण खरे ते लिहिले पाहिजे: १८५६ च्या जमिनीच्या कायद्याचा वरवंटा चर्चबरोबर आदिवासी गावांच्या सामाईक जमिनींवरही फिरला आणि त्याचा फायदा जमीनदारांनी उचलला.

शहरातला सांतो दोमिंगोचा मठ सोन्याच्या मुलाम्याने झगमगतो. हुआरेझ यांच्या काळात तो लष्कराची बराक झाला आणि १९९० च्या दशकापर्यंत बराकच राहिला. तिथे हॉटेल व मोटारींचा तळ होणार होता. झापोतेक घराण्यातले चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो आणि त्यांचे सोबती आडवे आले. आज तिथे संग्रहालय आणि वाहाकाच्या झाडा-झुडपांची बाग आहे. याच तोलेदोंनी २००२ साली मुख्य चौकात मॅकडोनाल्ड होऊ नये म्हणून लोकांना मक्याचे तामाल वाटून निदर्शने केली. ते दुकान तिथे झाले नाही.

मक्यावर या लोकांचा जीव असणारच. जवळच्या मितला भागातील गुहेत सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसे सापडली आहेत. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोतच, चापिंगोच्या शेतकी शाळेत, मक्यावर संशोधन केले. चित्रकार दिएगो रिव्हेरांनी भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवले आहे. बाजारात मक्याच्या भाकरीबरोबर लिंबू-मीठ लावून भाजलेले नाकतोडेही मिळतात. घरातली पोरे हे वाचून नाक मुरडतील, खुशाल मुरडू द्या.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मृतांचे दिवस. दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. तिथून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचे जेवण, पाव मांडतात आणि रात्रभर कबरीपाशी गप्पा-गाणी चालतात. आपण श्राद्ध-पिंडदान सोडलेली माणसे. आत्मा परत येतो हे आम्ही मानत नाही. पण इथे घरच्या मांडणीला पाद्री लागत नाही, दक्षिणा लागत नाही. आईची आठवण आईच्या हातच्या चवीने काढायची, एवढे मात्र आम्हाला कळते.

लहानग्यांसाठी २३ डिसेंबरची मुळ्यांची रात्र सांगितलीच पाहिजे. १८९७ पासून चौकात ही स्पर्धा भरते. शेतकरी आणि कारागीर भल्या मोठ्या लाल मुळ्यांतून माणसे, बैल, चर्च, गेलागेत्साच्या नाचणाऱ्या बायका कोरतात. त्यासाठी मुळे वेगळे पिकवतात आणि खूप मोठे होईपर्यंत जमिनीत ठेवतात. ते खाण्यासाठी नसतात. मुळा सुकतो म्हणून कारागीर सारखे पाणी शिंपडत बसतात, लोकांची रांग पुढे सरकत राहते, बक्षीस जाहीर होते. दुसऱ्या दिवशी ती चित्रे कोमेजलेली असतात.