प्रोलीन: ताठ, पण थिजलेलं नव्हे

पेप्टाइड तयार झालं, शुद्ध झालं, वस्तुमान हिशेबाप्रमाणे आलं. तरीही एनएमआरच्या वर्णपटात बऱ्याच रेषांशेजारी एकेक बारकी जोडरेषा दिसते. नव्या विद्यार्थ्याला वाटतं, नमुन्यात भेसळ राहिली. तो पुन्हा शुद्धीकरण करतो, रेषा जागच्या जागी. पेप्टाइडच्या क्रमात ‘पी’ हे अक्षर असेल तर मी त्याला थांबवते. बाटलीत एकच पदार्थ आहे. त्याचे दोन आकार आपल्याला दिसताहेत. ‘पी’ म्हणजे प्रोलीन.

प्रथिनं घडवणाऱ्या नेहमीच्या वीस अमिनो आम्लांत प्रोलीनची तऱ्हा वेगळी. इतरांची बाजूची साखळी कण्यातून बाहेर निघते आणि मोकळी राहते. प्रोलीनची साखळी मात्र वळून कण्याच्याच नायट्रोजनला येऊन मिळते आणि पाच अणूंचं कडं तयार होतं. या कड्यामुळे नायट्रोजन आणि अल्फा कार्बन यांच्यामधला बंध मोकळेपणी फिरू शकत नाही; त्याचा ‘फाय’ कोन उणे 65 अंशांच्या आसपास अडकून बसतो. शिवाय साखळीत गुंफल्यावर या नायट्रोजनवर हायड्रोजन उरत नाही. अल्फा हेलिक्स उभं असतं ते हायड्रोजन बंधांवर. त्याच्या मध्यावर प्रोलीन आलं की एक बंध जुळतच नाही, कडं आधीच्या वेढ्यावर आदळतं आणि हेलिक्स साधारण 25 अंशांनी वाकतं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन 26 अमिनो आम्लांचं आहे. त्याच्या हेलिक्सला बाक येतो तो चौदाव्या जागेवरच्या प्रोलीनपाशी.

एवढ्यावर थांबलं तर प्रोलीन म्हणजे ताठरपणा, असंच कुणीही म्हणेल. 1967 मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी तर प्रोलीनच्या साखळीचा चक्क मोजपट्टी म्हणून वापर केला: दोन टोकांना दोन रंगद्रव्यं, मध्ये एक ते बारा प्रोलीन, आणि अंतर वाढेल तशी ऊर्जेची देवाणघेवाण किती घटते याचं मोजमाप. प्रयोग गाजला, आजही शिकवला जातो. पण पुढे एकेका रेणूवर मोजमाप करता येऊ लागलं, तेव्हा ही पट्टी वाकते हेही दिसलं.

वाकते, कारण प्रोलीनने एक दार बंद करताना दुसरं किलकिलं केलेलं असतं. पेप्टाइड बंध अर्धवट दुहेरी असल्यामुळे सपाट असतो आणि त्याच्या दोनच स्थिती संभवतात: ट्रान्स आणि सिस. इतर अमिनो आम्लांच्या आधीच्या बंधात ट्रान्सचंच राज्य. सिस हजारात एखाद-दुसरा. प्रोलीनच्या नायट्रोजनला मात्र दोन्ही बाजूंनी कार्बन जोडलेले, त्यामुळे अणूंची दाटी दोन्ही स्थितींत जवळपास सारखीच होते. परिणामी छोट्या पेप्टाइडांत प्रोलीनआधीचा बंध 10 ते 30 टक्के रेणूंत सिस सापडतो. एका स्थितीतून दुसरीत जायला मोलमागे सुमारे 20 किलोकॅलरींचा उंबरा ओलांडावा लागतो. खोलीच्या तापमानाला त्याला काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ लागतो. एनएमआरच्या दृष्टीने हा बदल इतका संथ की दोन्ही आकारांच्या रेषा वेगवेगळ्या उमटतात. विद्यार्थ्याची ‘भेसळ’ ती हीच.

गंमत म्हणजे प्रोलीनचं कडं स्वतः स्थिर नसतं. त्याचं टोक वर-खाली होत राहतं, आणि तेही पिको ते नॅनोसेकंदांत. म्हणजे एकाच अमिनो आम्लात एक बंध जवळपास गोठलेला, एक कडं अतिचपळ आणि एक बंध कमालीचा आळशी.

या आळसाची किंमत प्रथिनांना मोजावी लागते. रायबोन्यूक्लिएज-ए हे 124 अमिनो आम्लांचं प्रथिन उलगडून पुन्हा घडी घालू दिलं, तर थोडे रेणू झटकन आकाराला येतात आणि बहुसंख्य रेंगाळतात, हे 1973 मध्ये गारेल आणि बाल्डविन यांनी दाखवलं. 1975 मध्ये ब्रँट्स आणि सहकाऱ्यांनी कारण सुचवलं: उलगडलेल्या अवस्थेत प्रोलीनचे बंध चुकीच्या स्थितीत गेलेले असतात आणि ते परतेपर्यंत घडी अडते. या प्रथिनात प्रोलीन फक्त चार. त्यांतल्या दोघांआधीचा बंध मूळ आकारात सिस असतो. पेशीला इतकी वाट पाहणं परवडत नाही. हा बंध भराभर फिरवणारी एन्झाइमं तिच्याकडे असतात. गुंटर फिशर यांनी 1984 मध्ये ती प्रथम ओळखली. अवयवरोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते सायक्लोफिलिन याच जातीचं निघालं.

कड्याच्या चपळाईलाही लगाम घालता येतो, आणि आपलं शरीर तो घालतं. कोलॅजेनच्या तीन पेडांची रचना 1954 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रासहून मांडली. त्या पेडांतल्या अनेक प्रोलीनांवर एकेक हायड्रॉक्सिल गट बसवलेला असतो. त्यामुळे कडं एका बाजूलाच झुकून राहतं आणि पेड घट्ट जुळतात. हा गट बसवणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की कोलॅजेन ढिलं पडतं, हिरड्यांतून रक्त येतं, तो स्कर्व्ही.

प्रोलीनचा ताठपणा कामाला लावल्याचं अलीकडचं उदाहरण कोविडच्या लशींत आहे. विषाणूचं काटाप्रथिन पेशीत शिरताना आकार पालटतं. त्यातला एक दुमडलेला भाग सरळ होऊन लांबलचक हेलिक्स बनतो. त्या दुमडीवर, 986 आणि 987 या जागांवर, दोन प्रोलीन बसवली की हेलिक्स सरळ होऊ शकत नाही आणि प्रथिन मूळ आकारातच राहतं. प्रतिपिंडं घडायला हवीत ती त्याच आकाराविरुद्ध. फायझर, मॉडर्ना आणि नोवावॅक्सच्या लशींत हा बदल आहे; नोवावॅक्सची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्होव्हॅक्स’ नावाने बनवली. याच संस्थेच्या ‘कोव्हिशील्ड’मध्ये तो नव्हता.

म्हणून ‘हे पेप्टाइड लवचिक आहे का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कुठला बंध आणि किती वेळात, हेही विचारायला हवं. संगणकावरची नेहमीची सिम्युलेशनं मायक्रोसेकंदांपर्यंत धावतात. प्रोलीनचा बंध ट्रान्स ठेवून सुरुवात केली तर शेवटपर्यंत तो ट्रान्सच राहतो. त्यावरून पेप्टाइड एकाच आकाराचं आहे असा निष्कर्ष काढणारे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. ते लिहिणाऱ्यांना मी आधी एनएमआरमधल्या बारक्या रेषा मोजायला सांगते. औषधाचा रेणू शरीरात मायक्रोसेकंदांत नव्हे, मिनिटं-तासांच्या हिशेबात काम करतो, आणि तेवढ्या अवधीत प्रोलीनचा दुसरा आकारही हजर झालेला असतो.