अकरा रात्रींची वही

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेली यक्षाची एक मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली, असं तिच्या हातावर ब्राह्मीत कोरलेलं आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव त्यांतला एक. खांब कोणाचा, मूर्ती कोणाची, हे दगडावरच लिहून ठेवलेलं.

याच लेण्यांचं मराठी ऑडिओ गाइड करायला छत्रपती संभाजीनगरातले चौघे एकत्र आले. एक वाळूजच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम पाहणारा, माझा जुना विद्यार्थी. त्याने ॲप बांधलं. एक नाटकात काम करणारी शिक्षिका, आवाज तिचा. एक ट्रॅव्हल्सच्या धंद्यातला; त्याने साठ हजार घातले आणि गिऱ्हाइकं आणायची जबाबदारी घेतली. संहिता मी लिहिली. सगळं नोकरी-धंदा सांभाळून, सिडकोतल्या माझ्या घरी, रविवारी.

आठ महिने वाट्याचा विषय कोणी काढला नाही. मैत्रीत पैशाचं बोलणं बरं दिसत नाही, असं प्रत्येकाच्या मनात असावं. मग एका सहल कंपनीने वर्षभर वापरायचे चाळीस हजार देऊ केले, आणि त्याच रविवारी आवाज चढले. भांडवलवाला म्हणाला, आधी माझे पैसे मोकळे होऊ द्या. ॲपवाला म्हणाला, चुका काढायला रात्री मीच जागतो. मी म्हणालो, चौघांचे चार सारखे वाटे करू, वाद मिटेल.

मला ते न्यायाचं वाटत होतं. कायदाही गप्प बसणाऱ्यांना तेच देतो. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 13 प्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल, तर नफा सारखा वाटायचा, तोटाही सारखाच सोसायचा आणि केलेल्या कामाबद्दल पगार मागायचा नाही. कोण किती राबलं, हे कायद्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

शिक्षिका तोवर काही बोलली नव्हती. तिने पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तारीख, लेण्याचा क्रमांक, सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावरच ती ध्वनिमुद्रण करायची, म्हणून बहुतेक वेळा साडेअकराच्या पुढच्या. अकरा रात्री. आम्ही तिघं तिचं काम दोन दिवसांचं धरून चाललो होतो. काही ओळींपुढे लाल शाईत ‘पुन्हा’ लिहिलेलं. ‘लेणे 3, पुन्हा. खांबांचा परिच्छेद बदलला.’

“सर, ह्या तुमच्या दुरुस्त्या आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही एक शब्द बदलता, मला अख्खा परिच्छेद परत म्हणावा लागतो. नाहीतर आवाजाचा जोड कळतो.”

लाल ‘पुन्हा’ मी मोजले. सात होते. एकदाही मी तिला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आठवड्याने नळाला पाणी आलं, मी भांडी भरायला उठलो. परत आलो तर ॲपवाला वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या रात्री मांडत बसला होता. आपली किंमत किती हे सांगताना प्रत्येकजण ताठरला होता. काय काय केलं हे लिहिताना तिढा सैल झाला. भांडवलवाल्याने ‘प्रभात’ फिल्म कंपनीची आठवण काढली. कोल्हापुरात 1929 साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघा कलावंतांसोबत सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन उभे राहिले. पैसेवाल्यालाही जागा हवी, एवढंच त्याचं म्हणणं. बरोबरच होतं ते.

तीन रविवार गेले. ठरलं ते असं: आलेल्या पैशातून आधी सर्व्हरचा खर्च, मग निम्मी रक्कम साठ हजार फिटेपर्यंत भांडवलाकडे. उरलेल्याचे दहा भाग: ॲपला तीन, लेखन, आवाज आणि विक्रीला दोन-दोन, एक भाग त्या वर्षी दुरुस्तीचं काम करील त्याचा. साठ हजार फिटले की सगळीच रक्कम दहा भागांत.

सोडून जाणाऱ्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने संहिता माझी राहते. लेखी सही केल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही, आणि मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांचं धरतात. म्हणून हक्क ज्याचा त्याच्याकडे ठेवला, वापरायची परवानगी गटाला दिली, आणि गेलेल्याला त्याच्या कामाचा वाटा तीन वर्षं द्यायचं लिहिलं. ॲपवाल्याने नेमणूकपत्र काढून वाचलं, कारण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर सहसा मालकाचा हक्क लागतो. त्याचं काम घरच्या लॅपटॉपवर, सुट्टीत झालेलं. तरी त्याने वरिष्ठांकडून लेखी होकार आणला.

नावांबद्दल वाद झाला नाही. वाटा कितीही असो, चौघांची नावं पहिल्याच पडद्यावर.

सह्यांच्या आधी शिक्षिकेने एक कलम घालायला लावलं: ध्वनिमुद्रणानंतर संहिता बदलायची तर आधी तिला विचारायचं, आणि ती रात्र दुरुस्तीच्या भागात मोजायची. मी सही केली. मग कण्हदासाच्या वाक्यातली एक चूक अजून राहिली आहे, हे चाचरत सांगितलं. तिने वाक्य दोनदा वाचलं, “बदलायलाच हवं,” म्हणाली, आणि वहीत बारावी तारीख घातली.