वाटेत संपणारी शिदोरी

शाळेत काढलेलं कार्बनचक्राचं चित्र आठवतंय? झाड, गाय, कारखान्याची चिमणी, समुद्र आणि भरपूर बाण. नदी असलीच तर डोंगरातून समुद्रापर्यंत ओढलेली एक निळी रेघ. म्हणजे नुसता नळ! मी मॅडिसनला मेंडोटा तळ्याजवळ राहायला आलो, तोवर माझ्याही डोक्यात तेच चित्र होतं.

हिवाळ्यात या तळ्यावर लोक चालतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. खाली सगळं निपचित असेल असं तुम्हाला वाटेल. पण गोठलेल्या तळ्यांच्या तळाशी जिवाणू पालापाचोळा आणि मेलेलं शेवाळ खात असतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बर्फाच्या झाकणाखाली कोंडतो आणि वसंतात बर्फ फुटला की बाहेर पडतो.

जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली जगभरच्या १८३५ तळ्यांच्या नोंदी तपासल्या. ८७ टक्के नमुन्यांत हा वायू हवेच्या मानाने जास्त होता, म्हणजे तळी तो बाहेर सोडत होती. २००७ मध्ये त्यांनीच ताळेबंद मांडला: जमिनीवरून दरवर्षी सुमारे १.९ अब्ज टन कार्बन नद्या-तळ्यांत उतरतो. समुद्रापर्यंत पोचतो ०.९, गाळात गाडला जातो ०.२, आणि उरलेला ०.८ वाटेतच हवेत जातो. घरून बांधून दिलेली शिदोरी प्रवासातच निम्मी संपावी, तसं. नंतरच्या अंदाजांत हवेत जाणारा वाटा वाढलेलाच आहे.

उलटा व्यवहारही आहे, आणि त्यात आपला सह्याद्री येतो. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनतं. ते काळा कातळ झिजवतं आणि तो कार्बन बायकार्बोनेट होऊन कृष्णा-गोदावरीतून समुद्राकडे जातो. दख्खनचा बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, म्हणून हे काम इथे जोरात चालतं. अर्थात जोरात म्हणजे लाखो वर्षांच्या हिशेबात. आपल्या गाडीच्या धुराला त्याचा उपयोग नाही.

आपल्या हातात आहे ती घाण. मेंडोटाभोवती डेअरीची शेतं आहेत. शेणखतातला फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात येतो आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते. शेवाळ कार्बन ओढून घेतं, मग चांगलंच की, असं तुम्ही म्हणाल. पण मेल्यावर ते तळाशी बसतं, कुजताना तिथला प्राणवायू संपवतं, आणि मग तयार होतो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त तापदायक. पुण्यात मुळा-मुठेत सांडपाणी सोडून आपण तीच सोय केली आहे. वर जलपर्णीचा गालिचा असतो, एवढाच फरक.

गावाकडे झाडं लावायला इथल्या मंडळांत देणग्या सहज जमतात. मीही देतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी मात्र अजून कोणी पावतीपुस्तक घेऊन आलेलं नाही. तिथे फोटो चांगला येत नसावा.