फारकतीचा कागद

आमचे वडील टपाल खात्यात होते. आई-वडील दोघेही गेल्यावर आक्काच्या पेन्शनसाठी घटस्फोटाचा हुकूमनामा हवा झाला. निकाल १९८८ चा, आदिलाबादच्या कोर्टातला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हुकूमनाम्याची एकेक प्रत दोन्ही पक्षांना फुकट मिळते. आक्कालाही मिळाली होती. वडिलांनी लाजेपोटी ती घरात ठेवली नाही.

नेरडीगोंड्याहून बस धरून आम्ही दोघे आदिलाबादला गेलो. नकलेच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न आला, "दाव्याचा नंबर?" आक्काला आठवत होता तो फक्त त्या दिवशीचा पाऊस. नंबर अखेर ट्रंकेतल्या वकिलाच्या एका जुन्या पत्रावर सापडला. मग अर्ज, कोर्ट-फीचे तिकीट आणि हेलपाटे.

नक्कल हाती आली ती इंग्रजीत. मी मराठीत सांगू लागलो.

"दोष कोणाचा लिहिलाय रे?" आक्काने विचारले.

"कोणाचाच नाही. कारणे निकालपत्रात असतात. यात लग्न संपले, एवढेच आहे."

"एवढंच होतं, तर बाबांनी लपवलं कशाला?"

परतताना तो कागद तिने पिशवीत घातला नाही. नेरडीगोंडा येईपर्यंत हातातच धरला होता.