वेल्डनचे वाटाणे

विज्ञानाच्या इतिहासात काम करायचं तर निकाल आधी ठाऊक असल्यासारखं वाचायची खोड मोडावी लागते. जीवशास्त्रज्ञ बेटसन आणि वेल्डन यांच्या मेंडेलवरच्या भांडणात ती फार नडते. मेंडेलची बाजू घेणारा बेटसन जिंकला, ‘जेनेटिक्स’ हे नावही त्यानेच 1905 मध्ये एका पत्रात सुचवलं. मग वेल्डन आपोआप हेकट ठरतो.

म्हणून मी आधी वेल्डनचा ‘बायोमेट्रिका’तला 1902 चा लेख उघडतो, त्यातही वाटाण्यांचं चित्र. मेंडेलने दाण्यांचे दोन ढीग केले होते: 6,022 पिवळे, 2,001 हिरवे. तिनास एक. वेल्डनच्या चित्रात हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत छटा सरकत जातात; मधले कित्येक दाणे कुठल्या ढिगात टाकावेत हेच कळत नाही. दाण्याच्या पूर्वजांचं खातं न पाहता नुसता ‘पिवळा’ असा शिक्का कसा मारता, हा त्याचा सवाल. मेंडेलचे आकडे अपेक्षेशी किती जुळतात याचं गणितही त्याच लेखात आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने ते अतिच जुळतात म्हणून 1936 मध्ये गाजवले, तेव्हा वेल्डनला जाऊन तीस वर्षं झाली होती.

वेल्डनच्या लेखाला बेटसनने 1902 मध्येच अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं, तेही वकिली थाटात. एके काळचे केंब्रिजमधले मित्र हे! 1906 मध्ये वेल्डन वारला, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

इतिहासकार प्रोव्हाइनने 1971 मध्ये लिहिलं, की या वैरामुळे डार्विन आणि मेंडेल यांची सांगड लांबली. संख्याशास्त्रज्ञ युलने ती शक्य असल्याचं 1902 मध्येच सुचवलं होतं, हे खरंच. पुढे समाजशास्त्रज्ञ मॅकेन्झी आणि बार्न्स यांनी भांडणाची मुळं समाजात शोधली: वेल्डनचा साथीदार पियरसन याचा सुप्रजननवाद, नोकरीपेशातला नवा मध्यमवर्ग. पियरसनला ते बरंच लागू पडतं. वेल्डनचा आक्षेप मात्र वर्गातून आलाय असं मला वाटत नाही. तो दाण्यांकडे बघूनच आलाय.

इतिहासकार ग्रेगरी रॅडिकने 2023 च्या पुस्तकात वेल्डनचं अप्रकाशित हस्तलिखित पुढे ठेवून विचारलं: तो जगला असता तर? ‘असं झालं असतं तर’ म्हटलं की आम्हा इतिहासकारांतले बरेच जण कपाळाला आठ्या घालतात; मीही घालतो. पण रॅडिक तिथेच थांबला नाही. लीड्समध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी मेंडेलऐवजी वेल्डनच्या अंगाने आनुवंशिकता शिकवून पाहिली. ‘सगळं जनुकांतच लिहिलेलं असतं’ हा समज त्या विद्यार्थ्यांत कमी झालेला दिसला. आता या आठ्यांचं काय करावं?