चाकांवरचे बिऱ्हाड आणि वाकडा पेचकस

एस.टी.च्या डेपोत चौतीस वर्षे गाड्यांखाली उताणा पडून काढल्यावर माणसाने निवृत्तीनंतर काय करावे? मी तर ठरवूनच टाकले होते की, आता पान्याला हात लावायचा नाही. पण योग टळत नाही म्हणतात. सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन चिरंजीवांकडे इंग्लंडात, लीड्सला गेलो, आणि पाहतो तो दारात एक जुनी, पांढरी, उंच गाडी उभी!

"बाबा, हे आमचं मोटरहोम," चिरंजीव म्हणाले.

आत शिरून पाहिले. दोन पलंग, शेगडी, मोरी, शीतपेटी, कपाटे. आपल्याकडे बैलगाडीवर संसार लादून फिरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. हे त्यातलेच, फक्त डिझेलवर चालणारे बिऱ्हाड. शनिवारी सकाळी सगळ्यांनी त्यातून समुद्रकाठच्या व्हिटबी गावी जायचे ठरले होते. नात आठ दिवस आधीपासून बादली-फावडे घेऊन तयार होती.

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाईंनी बाकाखालचे कपाट उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. आत ओल होती. बारा व्होल्टचा पाण्याचा पंप थेंब थेंब गळत होता. अशा गाड्यांच्या भिंतींत पुष्कळदा लाकडाचा सांगाडा असतो. त्यात पाणी मुरले की तो आतून कुजतो, आणि वरून काही महिने काही दिसत नाही. तिकडे थंडीत पंपातले पाणी काढून टाकले नाही, तर ते गोठून पंपाचे सांधे निखळतात. इथे तसेच काही झाले असावे.

चिरंजीवांनी गॅरेजला फोन केला. उत्तर आले की पंप काढायचा तर सगळे बाक उखडावे लागेल, आणि दोन आठवडे तरी वेळ नाही. पंपाला चार स्क्रू. पुढचे दोन सरळ निघाले. मागच्या दोहोंच्या डोक्यावर पंपाचे पोट आलेले. मध्ये जागा जेमतेम दोन बोटे. सरळ पेचकस तिथे उभाच राहीना.

"उद्या जाणं रद्द," चिरंजीव म्हणाले. नात काही बोलली नाही. तिने बादली कोपऱ्यात नेऊन ठेवली.

मी विचारले, "एखादा मोडका पेचकस आहे का रे घरात?"

अडचणीच्या जागेसाठी वाकडा पेचकस बाजारात मिळतो, हे मलाही ठाऊक आहे. पण शुक्रवारच्या रात्री आठ वाजता बाजार आपल्या घरीच भरवावा लागतो. डेपोत अशी हत्यारे आम्ही घरचीच करीत असू. दांड्याची दोन्ही टोके काटकोनात वाकवायची. दोन्हींना चपटे तोंड द्यायचे, पण एक तोंड दांड्याच्या रेषेत आणि दुसरे आडवे. अडचणीत दांडा पाव फेराच फिरतो. मग उलटून दुसरे टोक घालायचे, पुन्हा पाव फेरा. अशा पावलापावलाने स्क्रू वर येतो.

चिरंजीवांकडे ब्लो-लॅम्प होता. पेचकसाची मूठ काढून टोक लाल केले, वाकवले, कानशीने तोंड घासले. आता राहिले पाणी देणे. लाल पोलाद पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच तुटते. म्हणून ते पॉलिशपेपरने चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवायचे. मग त्यावर रंग धावतात : आधी पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. पेचकसाला जांभळा गाठावा आणि तत्क्षणी पाण्यात टाकावे.

मी टाकले. स्क्रूत घातले, जोर दिला, आणि टोकाचा कपचा उडाला!

चौतीस वर्षांचा कारागीर मुलासमोर खजील झाला. कारण लगेच उमगले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही संधिप्रकाशात मला पिवळा आणि जांभळा नीट उमगत नाहीत. हात तेच होते, पण डोळे ते राहिले नव्हते.

"रंग तू सांग," मी म्हणालो.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लहानपणी हा मुलगा डेपोत यायचा हट्ट धरी. मीच त्याला दटावीत असे. "हात काळे करू नकोस, पुस्तक धर." त्याचे भले झाले हे खरे. पण माझ्याजवळ जी एक विद्या होती, ती मी त्याच्यापासून अशी लपवली की, जणू काही ती एखादी लाज होती.

तो वाकून पाहू लागला. "पिवळा... सोनेरी... बाबा, तपकिरी झाला... जांभळा! टाका!"

चुर्र आवाज झाला. या वेळी टोक टिकले. वीसेक मिनिटांत दोन्ही स्क्रू बाहेर आले. सांध्यातला रबरी वायसर दगडासारखा झाला होता. तो बदलला, आणि मागचे स्क्रू चिरंजीवांनीच पुन्हा बसवले.

उत्साहाच्या भरात त्यांनी लगेच विचारले, "मग शीतपेटीच्या गॅसची नळीही बघू या का?" मी साफ नाही म्हटले. गॅस, ब्रेक आणि जॅक ही तीन कामे घरच्या हत्याराने करू नयेत. जॅकखाली विटा रचून काम करणाऱ्या माझ्या एका सोबत्याची तीन बोटे गेलेली मी पाहिली आहेत. घरचे हत्यार जिथे तुटले तर फक्त हसू होते, तिथेच ते वापरावे.

व्हिटबीला मैदान उतरते होते. गॅसवर चालणारी ही शीतपेटी १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालते. तिच्यात फिरणारा भाग नाही, आतले द्रव आपल्या वजनाने वाहतात, म्हणून गाडी फार कलली की ती थंड होत नाही. चिरंजीवांनी फोनवर पातळी पाहिली : गाडी तिरकी. पण चाकाखाली किती जाड फळी लागेल, हे फोन सांगेना. मी पारदर्शक नळीत पाणी भरले, गवंडी भरतात तसे, आणि एकेक टोक पुढच्या-मागच्या चाकापाशी धरले. अडीच इंच.

फळी चिरंजीवांनी शोधली. नात बादली घेऊन समुद्राकडे पळाली, सूनबाई तिच्यामागे.

परत येताना विमानतळावर चिरंजीवांनी हात पुढे केला. अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. "जात नाही, बाबा," ते म्हणाले.

"रॉकेल लाव," मी म्हणालो. मग आठवले, तिथल्या घरात रॉकेल कुठले? "नाहीतर राहू दे."